उंदराच्या नाकातली टकटक

सोलापुरात कुणाच्याही घरी जा, शेंगाचटणीचा डबा असतोच. दाणे खरपूस भाजायचे, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कुटायचे, तेल सुटेपर्यंत कुटत राहायचं आणि मग ती लालभडक चटणी डब्यात भरून झाकण घट्ट लावायचं. डबा वरच्या फळीवर गेला, दिवे मालवले, सगळे झोपले. मध्यरात्री कुठल्यातरी फटीतून एक उंदीर येतो. स्वयंपाकघरात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. पण हा पठ्ठ्या साखरेच्या डब्याकडे बघत नाही, चहापत्तीच्या डब्याकडे वळत नाही. सरळ फळी गाठतो आणि शेंगाचटणीचं झाकण कुरतडायला लागतो.

कसं कळलं त्याला?

“वासावरून!” असं तुम्ही लगेच म्हणाल. बरोबरच आहे. पण आता पुढचा प्रश्न विचारते. उंदराचा मेंदू कवटीच्या आत, हाडाच्या पेटीत बंद आहे. चटणीचा एक कणही तिथे पोचत नाही. मग चटणीची बातमी मेंदूपर्यंत जाते कशी? कोण नेतं? कुठल्या भाषेत सांगतं? आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे, ती बातमी वाटेत असतानाच माणसाला चोरून ऐकता येईल का?

येते! गेली ऐंशी वर्षं शास्त्रज्ञ ती ऐकत आहेत. सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाआधी ज्या शहरात पोचाल, त्या पुण्यातसुद्धा उंदराचं नाक आणि मेंदू यांच्यातल्या या बोलण्याचा अभ्यास चालतो. आज त्याचीच गोष्ट.

आधी नाकात शिरू. वास म्हणजे हवेत उडालेले रेणू. दाणे भाजले की पायराझिन नावाच्या कुळातले रेणू तयार होतात, खमंगपणा त्यांचाच. लसूण ठेचली की गंधकाचे रेणू सुटतात. झाकण कितीही घट्ट असलं तरी थोडे रेणू निसटतातच आणि उंदराला तेवढे पुरतात. वासाचा मागोवा घेताना तो एका सेकंदात दहा-दहा वेळा हुंगू शकतो. तुम्ही करून बघा, सेकंदाला दोन-तीन वेळा हुंगतानाच दमछाक होईल.

हुंगलेली हवा त्याच्या नाकात मागच्या बाजूला, एका पिवळसर अस्तरापर्यंत जाते. या अस्तरात लाखो चेतापेशी दाटीने उभ्या असतात. प्रत्येक पेशीच्या टोकाला बारीक तंतूंचा झुपका असतो आणि ते तंतू शेंबडाच्या पातळ थरात बुडालेले असतात. हो, शेंबूडच! हसू नका. वासाचे रेणू आधी त्यात विरघळतात आणि मगच तंतूंना भेटतात. ही पेशी फार धीट आहे बरं का. शरीरातल्या बाकी बहुतेक चेतापेशी कातडीआड, हाडाआड सुरक्षित असतात. हिचं टोक मात्र बाहेरच्या हवेला थेट भिडलेलं असतं. धूळ, धूर, जंतू, सगळं तिच्यावर येऊन आदळतं. म्हणून ती फार जगतही नाही. साधारण महिना-दोन महिन्यांत ती मरते आणि तिच्या जागी नवी पेशी उगवते. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी एकदा गेल्या की गेल्या. नाकातल्या मात्र जन्मभर नव्याने येत राहतात, उंदराच्याही आणि आपल्याही.

आता रेणू तंतूला भेटला. तंतूवर गंधग्राहक नावाची प्रथिनं बसलेली असतात. रेणू त्यांत नीट बसला की पेशीच्या आत निरोपांची एक छोटी साखळी सुरू होते आणि तंतूवरची दारं उघडतात. बाहेरचे सोडियमचे आणि कॅल्शियमचे भारित कण आत घुसतात. आत आलेलं कॅल्शियम आणखी दुसरी दारं उघडतं आणि त्यांतून क्लोराइडचे कण बाहेर पडतात. सोडियम आणि क्लोराइड, चटणीत आईने जे मीठ घातलं ना, त्यातलेच हे दोघे! ही क्लोराइडची युक्ती मला फार आवडते. मेंदूतल्या बहुतेक पूर्ण वाढलेल्या चेतापेशींमध्ये क्लोराइड आत शिरतं आणि पेशीला गप्प बसवतं. वासाच्या पेशीने मात्र ते आधीच आत साठवून ठेवलेलं असतं. ते बाहेर धावतं आणि पेशी आणखी चेकाळते. नाकात आलेला इवलासा इशारा असा मोठा होतो.

शांत बसलेल्या पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमध्ये सुमारे ६० ते ७० मिलिव्होल्टचा फरक असतो आणि आतली बाजू ऋण असते. कणांची ये-जा सुरू झाली की हा फरक कमी कमी होत जातो. एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की ताड्कन विजेचा एक झटका उठतो आणि पेशीच्या लांबलचक शेपटीवरून मेंदूकडे धावत सुटतो. एक झटका साधारण एका मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, आटोपतो. त्यालाच आपण स्पंद म्हणू. पेशी जास्त चेतवली की जास्त स्पंद, कमी चेतवली की कमी. चटणीची बातमी मेंदूकडे जाते ती या स्पंदांच्या रूपात.

म्हणजे उंदराच्या नाकात वीज आहे! मग ती मोजायची कशी?

इथे खरी कसोटी लागते, कारण ही वीज फारच थोडी असते. पेशीच्या अगदी शेजारी, पण बाहेर, मोजायच्या साधनाचं टोक टेकवून ऐकलं तर स्पंदाची उंची जेमतेम शंभर मायक्रोव्होल्टच्या आसपास भरते. घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा असतो. तो या स्पंदाच्या १५,००० पट मोठा झाला! इतकी बारीक वीज पकडायची तर टोकही तितकंच बारीक हवं. त्यासाठी काचेची नळी घेतात, मधोमध तापवतात आणि ती मऊ झाली की दोन्ही बाजूंनी ओढतात. ती तुटते तेव्हा तिचं टोक मायक्रोमीटरभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं, उरतं. तुमचा एक केस याच्या पन्नास-शंभर पट जाड असतो. नळीत खारं पाणी भरायचं, त्यात चांदीची तार सोडायची, की झाला इलेक्ट्रोड तयार. काही ठिकाणी काचेऐवजी केसाहून बारीक अशा चार धातूच्या तारा एकत्र पिळून वापरतात. शेजारीशेजारी बसलेल्या दोन पेशींचे स्पंद चारही तारांवर थोड्या वेगवेगळ्या उंचीचे दिसतात, त्यावरून कुठला स्पंद कुणाचा ते ओळखता येतं.

पुढे अँप्लिफायर. तो ही वीज हजार-हजार पट मोठी करतो. पण मोठी करताना तो नको ते आवाजही मोठे करतो ना! आपल्या घरातल्या विजेच्या तारांमधून सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारा प्रवाह वाहतो. खोलीतली ट्यूबलाइट, पंखा, मोबाइलचा चार्जर, या सगळ्यांची गुणगुण इलेक्ट्रोडच्या तारेत शिरते आणि बिचारा स्पंद तिच्यात बुडून जातो. म्हणून सगळी मांडामांड धातूच्या जाळीच्या पिंजऱ्यात करतात. मायकेल फॅरडेच्या नावाने त्याला फॅरडेचा पिंजरा म्हणतात. टेबलही साधं चालत नाही. बाहेर रस्त्यावरून ट्रक गेला तर त्या हादऱ्याने इलेक्ट्रोडचं टोक पेशीवरून सरकतं, म्हणून टेबलाचा माथा दाबलेल्या हवेवर तरंगता ठेवलेला असतो. एवढं सगळं जमलं, की अँप्लिफायरची तार स्पीकरला जोडायची. मग नाकाशी वास सोडला, की स्पीकरमधून ऐकू येतं: टक... टक... टकटकटकटक! मग हळूहळू पुन्हा टक... टक. पडद्यावर रेघा दिसतातच, पण कित्येक प्रयोगकर्ते कानावर जास्त भरवसा ठेवतात. हात इलेक्ट्रोडच्या मुठीवर, डोळे सूक्ष्मदर्शकात आणि कान स्पीकरकडे.

“ताई, एकच पेशी का ऐकायची? सगळ्या एकदम ऐकल्या तर?” हा प्रश्न फार चांगला आहे आणि शास्त्रज्ञांनी तेही केलं आहे. संक्रांतीला तुम्ही सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला जाता ना? होम मैदानापासून दोन गल्ल्या दूर उभं राहिलात तर नुसता एक हूऽऽऽ ऐकू येतो. त्यावरून गर्दी वाढली की ओसरली एवढं नक्की कळतं. पण पिपाणीवाला काय वाजवतोय ते ऐकायचं तर आत शिरून त्याच्या शेजारीच उभं राहायला हवं. नाकाच्या अस्तरावर थोडा जाड इलेक्ट्रोड टेकवला की हजारो पेशींचा मिळून एक ‘हू’ नोंदला जातो, काही मिलिव्होल्टची एक संथ लाट. स्वीडनच्या डेव्हिड ओटोसन यांनी १९५६ साली बेडकाच्या नाकावर या लाटेचा सविस्तर अभ्यास केला आणि तिला इलेक्ट्रो-ओल्फॅक्टोग्राम हे लांबलचक नाव मिळालं. नाकाला वास कळतोय की नाही, किती कळतोय, हे तपासायला ती लाट आजही उपयोगी पडते. पण वास कुठला ते जाणून घ्यायचं तर एकेका पेशीपाशी जावं लागतं.

त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगते. इंग्लंडमध्ये केंब्रिजला एडगर एड्रियन नावाचे शास्त्रज्ञ होते. चेतापेशींच्या कामाबद्दल त्यांना १९३२ सालचं नोबेल पारितोषिक चार्ल्स शेरिंग्टन यांच्याबरोबर मिळालं होतं. १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, त्यांनी वासाची वीज ऐकायला एक प्राणी निवडला. उंदीर नव्हे, हेजहॉग! अंगावर काटे असलेला, किडे खाणारा, चेंडूसारखा गोल होणारा हा प्राणी. तुम्ही म्हणाल साळिंदर. नाही, साळिंदर वेगळं. साळिंदर हे उंदराच्या, खारीच्या कुळातलं, कुरतडणारं जनावर आहे. हेजहॉगचं कूळ निराळं, आपल्या घरातल्या चिचुंद्रीला जवळचं. चिचुंद्री उंदरासारखी दिसते, पण तीही उंदीर नव्हेच! असो. हेजहॉगच्या मेंदूचा वास हाताळणारा भाग चांगलाच मोठा असतो, म्हणून एड्रियन यांना तो सोयीचा वाटला. त्यांना दिसलं, की प्रत्येक श्वासाबरोबर मेंदूत विजेच्या लाटा उठतात आणि श्वासात वास मिसळला की त्यांचं रूप बदलतं. पुढे सशांवर प्रयोग करताना त्यांना आढळलं, की वास बदलला की मेंदूत जास्त बोलणाऱ्या जागाही बदलतात आणि त्यांची वेळही. ही ‘वेळ’ लक्षात ठेवा. पुढे तिचं फार काम आहे.

मग पन्नास वर्षं एक कोडं सगळ्यांना छळत राहिलं. जगात वास तर असंख्य. मग त्यांच्यासाठी ग्राहक किती? १९९१ साली अमेरिकेत लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी रॅट जातीच्या मोठ्या उंदराच्या नाकातून गंधग्राहकांची जनुकं शोधून काढली. पाच-दहा नव्हेत, हजाराच्या घरात! २००४ चं नोबेल त्यांना याच शोधासाठी मिळालं. उंदरात ही जनुकं हजारावर आहेत आणि माणसात सुमारे ४०० चालू स्थितीत आहेत. शिवाय एका पेशीत एकाच प्रकारचा ग्राहक असतो.

आता वही काढा, थोडं गणित करू. हजार प्रकारचे ग्राहक आहेत आणि प्रत्येक वास त्यांतले फक्त तीन प्रकार जागे करतो असं समजा. हजारातून तीन निवडण्याच्या किती तऱ्हा? १००० गुणिले ९९९ गुणिले ९९८, भागिले ६. उत्तर येतं १६,६१,६७,०००. सोळा कोटींहून जास्त! आणि खरे वास तीनच काय, कितीतरी जास्त प्रकारच्या पेशी कमी-अधिक जाग्या करतात. त्यामुळे शेंगाचटणीसाठी नाकात खास ‘चटणी-पेशी’ असण्याची गरजच नाही. कुठल्या पेशी बोलल्या आणि कुठल्या गप्प राहिल्या, या सगळ्याचा मिळून चटणीचा वास होतो. एक उदाहरण तर अफलातून आहे. पुदिन्यात कार्व्होन नावाचा रेणू असतो. बाळंतशोपांमध्येही कार्व्होनच असतो, फक्त आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा. अणू तेच, संख्या तीच, नुसती उजवी-डावी बाजू बदललेली. तरी पुदिना आणि बाळंतशोपा यांचे वास आपण डोळे मिटून ओळखतो, आणि उंदरांनाही कार्व्होनच्या या दोन रूपांतला फरक कळतो.

नाकातल्या पेशींच्या शेपट्या कवटीच्या एका चाळणीदार हाडातून वर जातात आणि मेंदूच्या पुढच्या टोकाशी असलेल्या घ्राणकंदात पोचतात. उजव्या नाकपुडीसाठी उजवा कंद, डावीसाठी डावा. एकाच प्रकारचा ग्राहक असलेल्या हजारो पेशी अस्तरात विखुरलेल्या असतात, पण त्यांच्या शेपट्या कंदात बहुधा दोनच ठिकाणी एकत्र येतात. त्या जागी गोल गोळा तयार होतो, त्याचं नाव ग्लोमेरुलस. तिथून मायट्रल नावाच्या मोठ्या पेशी बातमी पुढे नेतात. एकेका गोळ्यातून अशा डझनावारी पेशी निघतात. त्या सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी झाल्या, नाही का? बातमी एकाच गोळ्यातून मिळते. मग सगळ्या बहिणी एकच गोष्ट सांगत असतील का? आणि तसं असेल तर इतक्या बहिणी कशाला?

हे शोधायला आशेष ढवळे, उपिंदर भल्ला आणि त्यांच्या साथीदारांनी जी शक्कल लढवली ती मला फार सुंदर वाटते. बंगळुरूची राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र ही संस्था, आणि बरोबर अमेरिकेतल्या प्रयोगशाळा. अडचण अशी होती, की इलेक्ट्रोडने पेशी ऐकू तर येते, पण ती कुठल्या गोळ्यातली ते कसं कळणार? त्यांनी असे उंदीर वापरले, ज्यांच्या नाकातल्या पेशींमध्ये शेवाळातलं एक प्रथिन होतं. हे प्रथिन उजेड पडला की पेशीला चेतवतं. मग त्यांनी घ्राणकंदावर उजेडाचा एक बारीक ठिपका टाकला, फक्त एका गोळ्यापुरता. ज्या मायट्रल पेशी टकटक करू लागल्या, त्या त्या गोळ्याच्या. अशा बहिणी सापडल्यावर उंदरांना वेगवेगळे वास दिले आणि नोंदी केल्या. २०१० मध्ये निष्कर्ष छापून आला. एखाद्या वासाला बहिणी साधारण सारख्याच प्रमाणात जास्त किंवा कमी बोलतात, पण श्वासाच्या कुठल्या क्षणी बोलायचं ते मात्र प्रत्येकीचं वेगळं. कुणी श्वास आत घेताना, कुणी जरा मागाहून. म्हणजे किती टकटक झाली याबरोबरच केव्हा झाली यातही माहिती भरलेली असते. एड्रियन यांची ‘वेळ’ आठवली?

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. हे प्रयोग जिवंत प्राण्यांवर होतात. इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया उंदराला पूर्ण भूल देऊन करतात. तरी काही प्रयोगांच्या शेवटी उंदराचा जीव जातो. हे तुमच्यापासून लपवणं मला बरोबर वाटत नाही. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे. त्यानुसार प्रयोगशाळेला आधी समितीची परवानगी घ्यावी लागते: प्रयोग का करायचा, किती उंदीर लागतील, वेदना होऊ नये म्हणून काय करणार, उंदरांशिवाय भागणार नाही का. हे प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत आणि दरवेळी विचारले गेले पाहिजेत. मोठेपणी तुमच्यापैकी कुणी ही कामं करील, तेव्हा तुम्हीही विचारा.

आता पुण्याला चला. पाषाणला आयसर नावाची विज्ञान संस्था आहे, २००६ साली सुरू झालेली. तिथे निक्सन अब्राहम यांची प्रयोगशाळा वासाचाच अभ्यास करते. अब्राहम पूर्वी जर्मनीत असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांची एक शर्यत लावली होती, हुंगण्याची शर्यत. उंदीर एका भोकात तोंड घालतो. तिथे दोनपैकी एक वास येतो. एका वासाला नळी चाटली तर पाण्याचा थेंब बक्षीस, दुसऱ्याला काही नाही. केळ्यासारख्या वासाचं अमाइल अ‍ॅसिटेट, लवंगेतलं युजेनॉल, निलगिरीतलं सिनिऑल असे वास त्यांत होते. साधे, वेगवेगळे वास उंदरांनी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास ओळखले, तेही बहुतेक वेळा बिनचूक. मग वास अवघड केले. दोन्हीकडे तीच दोन द्रव्यं मिसळली, फक्त प्रमाण थोडं वेगळं. तेव्हा उंदरांनी ७० ते १०० मिलिसेकंद जास्त घेतले, पण चुका वाढू दिल्या नाहीत. अवघड गणिताला थोडा जास्त वेळ द्यायचा हे त्यांनाही कळतं! हा शोध २००४ चा.

हा जादा वेळ मेंदू कशात घालवतो? घ्राणकंदात मायट्रल पेशींना गप्प करणाऱ्या पेशीही असतात. एक मायट्रल पेशी बोलली, की त्या आजूबाजूच्या पेशींना दाबतात. पुढच्या प्रयोगांत अब्राहम आणि सहकाऱ्यांनी ही दाबादाबी बदलून पाहिली. ती वाढली तेव्हा उंदरांनी जवळजवळचे वास जास्त लवकर ओळखले. कुणी गप्प राहायचं हेही वास ओळखण्यात तितकंच कामाचं ठरलं.

पुण्याच्या या प्रयोगशाळेने उंदरांच्या मिशांकडेही लक्ष दिलं. उंदीर हुंगताना मिशाही हलवत असतो, पाहिलंय का कधी? मादी उंदरांना नराच्या मूत्राचा वास कुठे होता ते लक्षात ठेवायचं होतं आणि तो वास ज्या भोकांतून येत होता ती भोकं लहानमोठी होती. वास आणि मिशांचा स्पर्श दोन्ही मिळून त्यांनी जागा लक्षात ठेवली, आणि ती दिवस उलटल्यावरही आठवली. २०२० मध्ये करोना आला तेव्हा याच मंडळींनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांबरोबर माणसांचं नाक तपासायचं यंत्र तयार केलं. आपल्याला काहीही झालेलं नाही असं ज्यांना वाटत होतं, अशा कित्येक बाधित माणसांची वास घेण्याची ताकद कमी झालेली त्या यंत्राला सापडली. उंदरांना अचूक मोजलेला वास, ठरल्या क्षणी, ठरावीक वेळ कसा द्यायचा हे वर्षानुवर्षं शिकलेलं कौशल्य तिथे माणसांच्या कामी आलं.

महाराष्ट्रात वासाचं संशोधन याच्याही आधीपासून आहे बरं का. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकातच फळमाशांचं नाक हातात घेतलं होतं. पिकलेल्या केळ्यावर घोंघावते ना, तीच माशी! काही वास ज्यांना येतच नाहीत अशा माशा त्यांनी शोधल्या. पण ती गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे, पुन्हा कधीतरी नक्की सांगेन.

शेवटी माझा सगळ्यात लाडका प्रयोग. आपले दोन कान वेगवेगळ्या बाजूंना असल्यामुळे आवाज कुठून आला ते आपल्याला कळतं. मग दोन नाकपुड्यांचं काय? उंदराच्या नाकपुड्या तर एकमेकींपासून काही मिलिमीटरच दूर. त्यांचा तसा उपयोग होईल? बंगळुरूच्या त्याच संस्थेत राघव राजन, जेम्स क्लेमंट आणि उपिंदर भल्ला यांनी मोठ्या उंदरांना, म्हणजे रॅटना, शिकवलं: वास डावीकडून आला की डावीकडे जा, उजवीकडून आला की उजवीकडे, पाणी मिळेल. उंदरांनी ते एक-दोन वेळा हुंगण्यातच अचूक ओळखलं! एक नाकपुडी बंद केली की मात्र ते गोंधळले. वास एका नाकपुडीत दुसरीपेक्षा किती तीव्र आहे आणि किती आधी पोचला, या दोन्ही गोष्टी ते वापरत होते. श्वासाच्या योग्य क्षणी आला तर ५० मिलिसेकंदांचा फरकही त्यांना पुरत होता. मग इलेक्ट्रोड घालून घ्राणकंद ऐकला, तर डावीकडून आणि उजवीकडून आलेल्या वासाला पेशींची टकटक खरोखरच वेगळी होती. २००६ साली हे ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. राघव राजन पुढे पुण्याच्या आयसरमध्ये आले आणि आता गाणाऱ्या पक्ष्यांचा मेंदू अभ्यासतात.

म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातला तो उंदीर नुसता “चटणी आहे” एवढंच हुंगत नाही. तो “चटणी उजवीकडे आहे” हेही हुंगतो.

आणि तुमच्या दोन नाकपुड्या? त्यांचं एक गुपित आज घरी तपासता येईल. स्टीलचं एक चकचकीत ताट घ्या, थंड असेल तर उत्तम. ते नाकाखाली आडवं धरा आणि नाकानेच हळूच श्वास सोडा. ताटावर वाफेचे दोन डाग उमटतील. नीट बघा, दोन्ही सारखे आहेत का? बहुतेकांचा एक डाग मोठा असतो आणि एक लहान, कारण आपल्या दोन नाकपुड्यांतून एका वेळी सारखी हवा वाहत नाही. एक जास्त मोकळी असते, दुसरी थोडी चोंदलेली, आणि काही तासांनी त्यांची पाळी बदलते. भरभर श्वास वाहणाऱ्या नाकपुडीला काही वास जास्त चांगले कळतात, तर काही वास मंद वाहणाऱ्या नाकपुडीला, असं १९९९ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. तेव्हा सकाळी शाळेत जाण्याआधी ताट धरा, दुपारी घरी आलात की धरा, झोपण्याआधी पुन्हा धरा. दरवेळी वहीत डावा मोठा की उजवा मोठा एवढंच लिहा. आठवडाभराची नोंद झाली की आम्हाला पाठवा.